यंत्रापुढचं गाऱ्हाणं

सत्यवान गुरवाच्या पुतण्याचं, बाळकृष्णाचं लग्न झालं ते २०४३ साल. वैशाखाचा उकाडा असा होता की मांडवात पंखे लावूनही माणसं भिजून निघाली, आणि सोलकढी पंगतीच्या मध्यातच संपली म्हणून नवऱ्याकडच्यांना वर्षभर पुरेल एवढं बोलणं ऐकावं लागलं. त्याच पंगतीत वाढता वाढता सत्यवानची मुलगी ऊर्वी आईच्या कानाशी लागली आणि म्हणाली, "आये, समुद्राचा काम माका मिळाला."

आईने, म्हणजे रोहिणीने, वरणाची बादली तिथेच खाली ठेवली. पुढची माणसं भाताला खळगा करून वाट बघत राहिली.

समुद्राचं काम म्हणजे मासे धरण्याचं नव्हे. किनाऱ्यापासून आत, पाण्याखालच्या खडकांवर जी प्रवाळं असतात, ती तापलेल्या पाण्याने पांढरी पडून मरत चालली होती. प्रवाळ म्हणजे माशांचं माजघर. तेच गेलं तर मासे अंडी कुठे घालणार, पिल्लं कुठे लपणार? शास्त्रज्ञांनी उष्णता सोसणारी प्रवाळाची रोपं प्रयोगशाळेत वाढवली होती, पण ती खडकाच्या कपारीत हातानेच लावावी लागत, चिखलात भात लावावा तशी. यंत्राचा हात तिथे धसमुसळा ठरे. म्हणून समुद्राच्या तळाशी एक पोलादी घर उतरवलं होतं. माणसं आठवडेच्या आठवडे त्या घरात राहत, तिथून बाहेर पडून काम करत आणि तिथेच परतून जेवत. वर यायचं तर मात्र फार हळू, कित्येक दिवस लावून यायचं. घाई केली तर दाबाखाली रक्तात विरघळलेली हवा सोड्याच्या बाटलीसारखी बुडबुडे धरते आणि धडधाकट माणूस लुळा पडतो. पलीकडच्या गावच्या एका पाणबुड्याला तशीच जन्माची काठी लागली होती. सत्यवानने त्याला पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मांडवाचे बांबू सोडताना बापलेकीची जुंपली.

"खडकार झाडां लावूक माझा चेडू समुद्रात रवतला?"

"झाडां नाय, बाबा. प्रवाळ. ता जनावर आसा."

"म्हणजे गुरां राखूक जातलंस. त्यासाठी रत्नागिरीक पाच वर्सां शिकलंस?"

"गुराखी तर गुराखी. पण पाण्याखालची."

"आणि नागपूरची नोकरी काय वायट आसा? थंडगार खोली, बसान काम."

"ती आयेक बरा वाटूचा म्हणान अर्ज केललंय," ऊर्वी म्हणाली. "माका काय म्हायत ती मिळतली म्हणान?"

नागपूरची नोकरी औषधांची शुद्धता तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती. दोन्हीकडून बोलावणं आलं होतं आणि दोन्हीकडे महिन्याभरात हजर व्हायचं होतं. रोहिणी मधे पडली नाही. ती एवढंच म्हणाली, "चोवीस वर्सांचा चेडू ता. बांबू सोडा आधी, मगे एकमेकांक सोडा."

सत्यवान हा नेरवळ गावच्या रवळनाथाचा गुरव. त्या मुलखात देवाला कौल लावतात. पाण्यात भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या देवाच्या पाषाणावर चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजव्या अंगाची पाकळी आधी सुटली तर होय, डाव्या अंगाची सुटली तर नाही. पण प्रश्न विचारायचा तो गाऱ्हाणं घालून, आणि गाऱ्हाणं ही काही कोणाच्याही तोंडची गोष्ट नव्हे. कोणासाठी, काय, कोणत्या शब्दांत मागायचं हे गुरवाने जुळवायचं, आणि मागे जमलेल्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हणून त्यावर आपला होकार टाकायचा. सत्यवानचं गाऱ्हाणं पंचक्रोशीत नावाजलेलं. लोक म्हणत, हा देवाला नाही म्हणायला जागाच ठेवत नाही. आणि त्या "व्हय म्हाराजा"त ऊर्वीचा आवाज ती एवढीशी होती तेव्हापासून सगळ्यांच्या वर असे.

मात्र गुरवाने स्वतःच्या घरासाठी स्वतः कौल लावायचा नाही, हा रिवाज. शेजारच्या गावच्या गुरवाला बोलवावं तर त्याच्याशी पालखीच्या मानावरून बोलणं बंद होतं. सत्यवानला चैन पडेना. तेव्हा बाळकृष्णानेच सांगितलं, "काकानु, कुडाळात यंत्र इलासा. लोक तेकाच कौल म्हणतत. थंय जावा."

ते यंत्र नुकतंच आलं होतं. त्यामागची कल्पना अशी. माणूस पुष्कळ वाक्यं ऐकतो, तेव्हा पुढचा शब्द कोणता येईल याचा त्याला अंदाज येतो. त्याचप्रमाणे या यंत्राला कोट्यवधी माणसांची आयुष्यं, नावगाव पुसून, वाक्यांसारखी शिकवली होती. जन्म, शाळा, नोकरी, ताप, लग्न, अपघात, बदली, मूल हे त्या वाक्यातले शब्द. शिकता शिकता यंत्राला उमगलं होतं की कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो. मग तुमचं आजवरचं आयुष्य त्याच्यापुढे ठेवलं की ते उरलेलं आयुष्य लिहून काढी, एकदा नव्हे, हजार वेळा, दर वेळी थोडं निराळं. एका फाट्याने गेलात तर हजार आयुष्यं, दुसऱ्या फाट्याने गेलात तर आणखी हजार. शेवटी दोन्ही ढीग मोजून ते सांगे की कोणत्या वाटेवर काय पदरात पडेल.

पण मोजायचं काय, हे यंत्राला कळत नसे. दीर्घायुष्य मोजायचं, की पगार, की मनाजोगं काम, की उशाशी बसणारी माणसं? ते ज्याचं त्याने सांगायचं. सांगितलं तेवढंच ते मोजी, जे सांगायचं राहिलं ते त्याच्या लेखी नव्हतंच.

कुडाळच्या केंद्रात शर्वाणी सामंत नावाची तरुण बाई यंत्र चालवत असे. सत्यवानने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि पिशवीतून नारळ काढला.

"नारळ बाहेर ठेवा, काका," शर्वाणी म्हणाली. "आणि उदबत्ती असली तर तीही. धुराने यंत्र बंद पडतं."

"देवापेक्षा सोवळा दिसता," सत्यवान म्हणाला. बाकावर बसलेली माणसं हसली.

शर्वाणीने ऊर्वीची माहिती भरून घेतली आणि म्हणाली, "आता काय मोजायचं ते बोला. साध्या शब्दांत बोललात तरी चालेल, मालवणीही कळते त्याला. बोलणारा कोणीही असो, पण मुलगी सज्ञान आहे, तिचा होकार लागेल. ज्याचं आयुष्य, त्याचं होय."

ऊर्वीने तोंड उघडलं. पण तोवर सत्यवान हात जोडून यंत्रासमोर उभा राहिला होता, डोळे मिटले होते आणि देवळातला तो खर्जातला आवाज लागला होता.

"बा म्हाराजा, तू जो कोण आसशीत तो. आज ह्या चेडवाक घेऊन तुझ्या दारात इलंय. हिच्या वाटेत दोन फाटे इलेसत, एक पाण्यातसून, एक जमनीवरसून. जी वाट हिच्या अंगाक ओरखडो लागू देवची नाय, हिका म्हातारी होयसर सुखरूप ठेवतली, ती वाट उजवी दे. दुसरा काय एक मागणा नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," ऊर्वी म्हणाली.

तिला ते म्हणायचं नव्हतं. विहिरीत ओरडावं आणि आवाज परत यावा, तसं ते तोंडातून गेलं. हजारदा गेलं होतं, म्हणून गेलं. यंत्रावर हिरवा दिवा लागला.

शर्वाणी थबकली. "यंत्राने हा तुमचा होकार धरला. बदलायचंय का काही?"

ऊर्वीने बापाकडे पाहिलं. तो अजून डोळे मिटून, हात जोडून उभा होता. "रवांदे," ती म्हणाली.

यंत्राने दोन हजार आयुष्यं लिहिली, ती चहा पिऊन होईपर्यंत. शर्वाणीने पडद्याकडे पाहिलं. "काका, दोन्ही वाटांत फरक किती आहे, ते आधी सांगते—"

"डावो की उजवो, ताच सांगा, बाय. देव टक्केवारी सांगणा नाय."

पुन्हा बाकावर हशा झाला. सत्यवानही हसला.

"तुम्ही मागितलंत त्या हिशेबाने नागपूर उजवं," शर्वाणी म्हणाली. "पण वेगळं काही धरून परत विचारता येतं. तिला कशात समाधान वाटेल, असंही विचारता येतं. पुष्कळजण चार-चारदा विचारतात."

"एकदा लागलेलो कौल परत लावणत नाय," सत्यवान म्हणाला. "तो देवार अविश्वास." आणि त्याने ऊर्वीच्या डोक्यावर हात ठेवला. त्या वेळी त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. लेक वाचली, एवढंच त्याला कळत होतं.

ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं पुढे त्याला कितीदा वाटलं. पण ऊर्वी भांडली नाही. मधल्या दिवसांत ती मैत्रिणीकडे म्हणून एकदा तालुक्याला जाऊन आली. महिना भरायच्या आत तिने सामान बांधलं. सत्यवान तिला बसवर पोचवायला गेला, पाण्याची बाटली आणून दिली, आणि बस धूळ उडवत गेली.

वर्षं गेली. ऊर्वी दर रविवारी फोन करी. प्रयोगशाळेत तिचं चांगलं चाललं होतं, औषधाच्या नमुन्यात भेसळीचा कण असला तर तिच्या नजरेतून सुटत नसे. राहायला घर मिळालं. लग्नाचं विचारलं की ती नाही म्हणत नसे, होयही म्हणत नसे. हळूहळू तिचं बोलणं नागपूरचं झालं. "बरी आसस मगे?" असं सत्यवानने विचारलं की पलीकडून येई, "हो बाबा." त्या "हो बाबा"त वाईट काही नव्हतं. पण पूर्वी ती एकेका वाक्याला चार उलट प्रश्न विचारत असे, आणि आता सत्यवानला फोन ठेवल्यावर वाटे की आपण बंद दारावर हात मारून परत आलो.

इकडे समुद्रात काम चालूच होतं. ऊर्वीच्या जागी वेंगुर्ल्याची एक मुलगी लागली होती. तिची मुलाखत बातम्यांत लागली तेव्हा सत्यवानने उठून पडदा बंद केला. पुढच्या वेळी घरात कोणी नसताना तो ती पूर्ण बघत बसला. मुलगी हसून सांगत होती की पाण्याखाली सकाळ कशी होते. रोपं धरली. काही वर्षांनी नुसती नावं राहिलेले मासे पुन्हा बाजारात दिसायला लागले. रोहिणीने एक दिवस तळलेली तुकडी नवऱ्याच्या पानात टाकली.

"खावा," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या चेडवान राखललो आसा."

सत्यवानने तुकडी खाल्ली.

२०६१ साली शेजारचा जयराम राऊळ आपल्या नातवाला घेऊन यंत्राकडे निघाला आणि गाऱ्हाण्यासाठी सत्यवानला सोबत चल म्हणाला. सत्यवान त्या दारात पुन्हा गेला नव्हता, पण शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं? शर्वाणी सामंत तिथेच होती, केस पांढरे झालेली. नातवाला हवामानाच्या विमानांवर काम करायचं होतं आणि जयरामला ते नको होतं. विमानांच्या वाटेवर किती आयुष्यं जास्त अवेळी संपतात त्याचे आकडे यंत्राने दिले, शर्वाणीने ते वाचून दाखवले, आणि जयराम बोटं मोजत म्हणाला, "हजारात पंचवीस? हां, ह्या जरा जास्त झाला. पण मरूंदे, पोराक आवाडता तर जाऊंदे."

सत्यवान खुर्चीत पुढे सरकला.

"आमच्या ऊर्वीचो आकडो कितको होतो, बाय? तेवाचो?"

शर्वाणीला आठवायला वेळ लागला नाही. यंत्राला गाऱ्हाणं घालणारा तिने तो पहिला माणूस पाहिला होता.

"चार," ती म्हणाली. "हजार आयुष्यांत चार आयुष्यांचा फरक, काका. फक्त चार. पाण्याखाली माणसाची फार काळजी घेतात. नागपूरच्या रस्त्यांवरचे अपघात, तिथला उन्हाळा, हेही यंत्र धरतंच. वजन करायला बसलं तर दोन्ही पारडी सारखीच."

"मगे नाय सांगूक तेवा?"

"सांगत होते."

सत्यवानला आपलंच वाक्य आठवलं, आणि त्यावर आपण हसलो होतो तेही. इतका बारीक फरक, की पाषाणावरच्या पाकळीला नुसता वारा लागावा. त्याने डावं-उजवं मागितलं होतं, म्हणून यंत्राने एक बाजू दिली. दोन्ही सारखंच आहे असं म्हणायला त्याच्या गाऱ्हाण्यात जागा नव्हती.

जयरामने परतीच्या वाटेवर तीनदा विचारलं की बरं वाटत नाही का. घरी आल्यावर सत्यवानने रोहिणीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"माका सांगान काय उपयोग?" ती म्हणाली. "जेचा तेका जाऊन सांगा."

तेव्हा तो नागपूरला गेला, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, कोकमं आणि कुळथाचं पीठ घेऊन. ऊर्वी स्टेशनवर आली होती. केसांत रुपेरी झाक आली होती, पण चाल ताठ होती, दात पांढरेशुभ्र, कातडी नितळ. अंगावर कुठे ओरखडा नव्हता. वाटेत तिने त्याला एक तलाव दाखवला. "संध्याकाळी इथे फिरायला येते," ती म्हणाली. "पोहायला बंदी आहे." 

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पोहे पुढे ठेवले, तेव्हा तो ताटलीकडे बघून म्हणाला, "ऊर्वी, हजारात चार होते."

ती समोर बसली. "माहीत आहे."

"कधीपासना?"

"तेव्हापासूनच. निघायच्या आधी मी एकटी परत गेले होते कुडाळला. तो आकडाही विचारला, आणि दुसरंही विचारून आले. मला कशात समाधान वाटेल, ते. यंत्राने समुद्र दिला. तिथला फरक चारचा नव्हता."

सत्यवानच्या हातातला चमचा ताटलीवर टेकला. "मगे गेलंस कित्याक नाय?"

"माझ्या तोंडून होय गेलं होतं ना." ऊर्वीचा आवाज चढला नाही. "तुमच्या गाऱ्हाण्यामागून गेलेलं होय मी कधी मोडलं नव्हतं, बाबा. मोडलं असतं तर गावाने तुम्हाला काय म्हटलं असतं? गुरवाच्या पोरीने गुरवाचा कौल मोडला. ते माझ्याने होईना. मला वाटलं, तुम्ही विचाराल. एकदा तरी विचाराल की तुला काय हवंय. बसस्टँडवरसुद्धा वाटत होतं. तुम्ही पाण्याची बाटली घेऊन परत आलात, खिडकीशी उभे राहिलात, तेव्हा मला वाटलं, आता विचारतील. आणि तुम्ही विचारलंत, खिडकी उघडते का."

"आणि उघडत होती?" सत्यवानने विचारलं.

"उघडत होती," ती म्हणाली, आणि दोघंही जरा हसली. मग हसू तसंच विरलं.

"आता?" तो म्हणाला. "आता नाय जाऊक मेळाचा?"

"मी बेचाळीस वर्षांची आहे. आणि ते घर दोन वर्षांपूर्वी पाण्यातून वर काढलं. प्रवाळ आता आपलं आपण वाढतंय. काम पुरं झालं, बाबा."

उभा जन्म लोकांसाठी शब्द जुळवले, पण लेकीसाठी त्याला त्या वेळी शब्द जुळेनात. ऊर्वीने ते पाहिलं.

"तुम्ही वाईट काही मागितलं नाहीत," ती म्हणाली. "माझा जीवच मागितलात. कोणता बाप नाही मागणार? फक्त तो माझा होता, आणि मी शेजारीच उभी होते. पोहे गार झाले. गरम करून आणते."

ती आत गेली. सत्यवान बसून राहिला. यंत्राने फसवलं असतं तर त्याला शिव्या घालता आल्या असत्या. देवाने फसवलं असतं तर देवाशी भांडता आलं असतं. पण मागितलेलं सगळंच्या सगळं मिळालं होतं.

गावी परतल्यावर त्या वर्षीच्या जत्रेपासून त्याने गाऱ्हाण्याचा मान बाळकृष्णाला दिला. गावकऱ्यांनी आग्रह केला, तर म्हणाला, आवाज बसतो. फक्त एक गोष्ट त्याने बाळकृष्णाला शिकवली: मागण्याआधी ज्याच्यासाठी मागायचं त्याला सर्वांदेखत बोलतं करायचं, मग ते पोर का असेना. लोक कुरकुरले की यात फार वेळ जातो. गेला तर जाऊ दे, असं सत्यवान म्हणायचा.

रविवारी फोन आला की आता तो "बरी आसस मगे?" म्हणत नसे. तो विचारायचा, "तुका काय व्हया?" ऊर्वी सुरुवातीला हसायची. मग सांगायला लागली. कधी कुळथाचं पीठ, कधी आमसुलं, एकदा म्हणाली, आठ दिवस रजा हवी आहे आणि कोणी काही विचारू नये. त्याने विचारलं नाही. ती आली, रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन बसली, आणि गेली. एवढं त्यांच्यात उरलं होतं, ते दोघांनी जपलं. त्याहून मोठं विचारायचं वर्ष केव्हाच निघून गेलं होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

रोहिणी २०६४ साली श्रावणात गेली. सत्यवान गुरव २०६६ सालच्या फेब्रुवारीत, सकाळच्या न्याहारीनंतर, ओटीवर बसल्या बसल्या वारला. तेव्हा ऊर्वी नागपूरला कामावर होती.